आईंचा ताबा

डॉक्टरीणबाई दवाखान्यातून घरी आल्या, तेव्हा वॉशिंग मशीन घरभर पसरलं होतं. त्याची मोटर सोफ्यावर, खाली टॉवेल अंथरून, पाहुण्यासारखी बसवली होती. रबरी नळी खुर्चीच्या पाठीवर लोंबत होती. आतलं भोकाभोकांचं पिंप जेवणाच्या टेबलावर होतं आणि सासूबाईंनी, भांडं रिकामं कशाला ठेवायचं म्हणून, त्यात कांदेबटाटे भरले होते. या सगळ्याच्या मधोमध डॉक्टरीणबाईंचा नवरा पालथा पडला होता, दातांत एक स्क्रू धरून.

"दातांत लोखंड धरू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?" डॉक्टरीणबाई दातांच्याच डॉक्टर होत्या, त्यामुळे आधी दात, मग संसार, हा त्यांचा क्रम ठरलेला. "आणि हे काय मांडलंयस?"

"आवाज येत होता गं."

"कसला?"

"फिरताना घरघर करत होतं."

"यंत्र आहे ते! फिरताना घरघर नाही करणार, तर काय ओव्या म्हणणार?"

"आता बघ," नवरा स्क्रू काढून म्हणाला, "अजिबात आवाज नाही."

आवाज नव्हताच. न्हाणीघरात डॉक्टरीणबाईंचे सगळे पांढरे कोट साबणाच्या पाण्यात माना टाकून पडले होते.

वास्तविक हा माणूस पूल बांधणारा इंजिनियर. आपल्या देशात असताना त्याने नद्यांना नमवलं होतं. पण डॉक्टरीणबाईंना परदेशात नोकरी लागली, हा त्यांचा नवरा म्हणून मागून आला, आणि त्याच्या परवान्यावर ठळक अक्षरांत छापून आलं : काम करण्यास मनाई. आता ज्या हातांना पुलाची सवय, ते हात घरी बसून काय करणार? त्याने घर उघडायला घेतलं. मिक्सर उघडला, पंखा उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं. दारावरची घंटा तेवढी त्याने उघडून पुन्हा बसवली, आणि तेव्हापासून ती फ्रिजचं दार उघडलं की वाजे. दारावरचं बटण दाबलं, तर काहीच होत नसे.

कीर्तनकार बुवाही तेच करतात म्हणा. एवढासा अभंग घेतात, त्याचा शब्द न् शब्द सुटा करून श्रोत्यांपुढे मांडतात, मध्येच दृष्टांत, मध्येच कोपरखळी. माणसाला वाटतं, आता हे काही पुन्हा जुळत नाही. आणि शेवटाला बुवा असं काही सूत जुळवतात, की टाळ धरलेला हात आपसूक वर जातो. इंजिनियरचा पूर्वरंग फार रसाळ असे. उत्तररंग कधी लागलाच नाही. "दोन मिनिटांत बसवतो" हे त्याचं पालुपद, आणि त्या दोन मिनिटांत डॉक्टरीणबाईंची उमेदीची वर्षं चालली होती.

त्या दिवशी त्या ओल्या कोटांकडे बघून डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आपण वेगळे होऊ या."

"होऊ या," इंजिनियर म्हणाला.

इतक्या लवकर एकमत या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं. दोघांनाही मनातून जरा लागलं. पण शब्द गेला होता. वाटणीला सुरुवात झाली. सोफा तिचा, टेबल त्याचं, पडदे तिचे, हत्यारांच्या पेट्या त्याच्या. वॉशिंग मशीन कोणालाच नको होतं. सगळं कसं सुरळीत, समजूतदार माणसांसारखं चाललं होतं, आणि मग दोघं एका दमात म्हणाले,

"आई माझ्याकडे."



"तुझ्याकडे कशा?" इंजिनियर उठून बसला. "माझी आई आहे ती!"

"तुला जन्म दिला म्हणून काय झालं? डबा मला करून देतात."

"मी तिचा एकुलता एक मुलगा!"

"आणि मी काय दुसरी सून आहे का?"

इथून पुढे मात्र खरं भांडण सुरू झालं. कारण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं साधं होतं आणि पक्कं होतं. त्यांची स्वतःची आई त्या शाळेत जायच्या आधीच गेली. लहानपणी त्यांची वेणी आळीतल्या बायका पाळीपाळीने घालत, आणि ज्या दिवशी जिची पाळी तिचा जो राग असेल, तो केसांवर निघे. लग्न झाल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या डोक्याला तेल लावलं आणि एकही केस ओढला गेला नाही. शिवाय रोज संध्याकाळी सासूबाई चहाचा कप पुढे करून विचारत, "आज कोणाची उपटलीस गं?" आणि त्या उपटलेल्या दाढेची कथा अशा तल्लीन होऊन ऐकत, की डॉक्टरीणबाईंना वाटे, आपण दाढ नाही, द्रोणागिरी उपटून आलो. नवरा गेला तर करमेल. आई गेल्या तर संध्याकाळी घरी कशाला यायचं?

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. कानात इयरफोनची बोंडकी घालून त्या मोबाइलवर कीर्तन ऐकत होत्या.

"अरे, माझी वाटणी जरा हळू करा रे! बुवा आख्यानाला आलेत, काही ऐकू येईना!"

दुसऱ्या दिवशी दोघं परवान्यांच्या कचेरीत गेले. खिडकीमागे एक गोलमटोल कारकून होता. समजावून सांगण्याची त्याला दांडगी हौस. त्याने डबीतून कागदाला लावायच्या यू-पिना काढल्या आणि एकीत एक अडकवून साखळी केली.

"ही वरची पीन म्हणजे तुम्ही, डॉक्टरबाई. तुम्हाला नोकरीचा परवाना. ही मधली, तुमचे यजमान. तुमच्यावर अवलंबून. आणि ही खालची, त्यांच्या आई. त्यांच्यावर अवलंबून. आता घटस्फोट म्हणजे काय?" त्याने मधली पीन सोडवली. ती टेबलावर पडली आणि तिच्याबरोबर खालचीही.

"अरे बाप रे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे मला देश सोडावा लागणार?" इंजिनियरने विचारलं.

"तुझं राहू दे रे! आईंना सोडावा लागणार!" डॉक्टरीणबाईंनी पडलेली खालची पीन उचलून तळहातावर घेतली. "साहेब, मधली काढून ही थेट वरचीला नाही का अडकवता येणार?"

"नातं काय लावायचं? घटस्फोटानंतर त्या तुमच्या कोण?"

"सासूबाई!"

"माजी नवऱ्याची आई. असं नातं आमच्या रकान्यात नाही." कारकुनाला वाईट वाटलेलं दिसलं. त्याने खुर्ची पुढे ओढली. "एक वाट आहे. घरकामाला माणूस म्हणून ठेवा. नात्यातलं माणूसही चालतं. तसा परवाना एकदा झाला, की तो त्यांचा. मग तुमच्या लग्नाचं काही का होईना."

"छान! मग घटस्फोट झाला की लगेच अर्ज करते."

"नाही नाही. घरात राहणारी मदतनीस फक्त विवाहित जोडप्यालाच ठेवता येते."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून हिशोब जुळवला. "म्हणजे लग्न मोडायचं, तर आधी आईंना नोकरीला ठेवायचं. आणि आईंना नोकरीला ठेवायचं, तर लग्न टिकलेलं हवं."

"अगदी बरोबर! पटकन कळलं तुम्हाला. लोकांना फार वेळ लागतो." कारकून खूश झाला. "फक्त त्या खरोखर काम करतात का, आणि त्यांची पिळवणूक तर होत नाही ना, हे बघायला निरीक्षकबाई घरी येतील. न सांगता येतात हं."

खिडकीपासून बाजूला झाल्यावर इंजिनियरने मदतनिसाचा अर्ज भिंतीला टेकवला आणि सही करून टाकली. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या.

"तुला कळतंय ना? आई राहतील, तू जाशील."

"कळतंय की. आईचं बस्तान बसतंय ना? मग झालं." तो पेनाचं टोपण उघडझाप करत राहिला. "मी जाईन. तिकडं पूल आहेत."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातून पेन काढून घेतलं आणि खाली आपली सही केली.

सासूबाईंना सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे सुनेकडे नोकरी? लोकं उलटं करतात गं, सुनेला मोलकरीण करतात. बरं, करू या. मला काय करायचं ते सांगा."

तालमी सुरू झाल्या. सासूबाईंना एप्रन बांधला. हातात केरसुणी दिली. त्या केरसुणी अशी धरून उभ्या राहिल्या, जणू हातात वीणा आहे आणि आता बुवा कीर्तनाला उठायचे आहेत.

"आई, मला मॅडम म्हणायचं."

"मॅडम," सासूबाई म्हणाल्या, "तुझे केस किती कोरडे झालेत बाळ. बस खाली, तेल लावते."

"आई! मोलकरीण मालकिणीला बस खाली म्हणत नाही."

"मग तेल कसं लावायचं? उंच आहेस तू."

अडचण डॉक्टरीणबाईंचीही होती. सासूबाई उभ्या असताना बसायचं कसं, हे त्यांच्या अंगाला माहीतच नव्हतं. सोफ्यावर टेकल्या, की स्प्रिंग लावल्यासारख्या उठत. शेवटी इंजिनियरने त्यांचे खांदे धरून दाबून बसवायचं ठरवलं. आणि फ्रिजचं दार कोणी उघडलं, की घंटा वाजून तिघंही ताडकन आपापल्या जागी पळत. दूध काढायचं म्हटलं तरी निरीक्षकबाई आल्याचा भास होई.

भाषेची मात्र चिंता नव्हती. सासूबाई इथली भाषा मुलापेक्षा बरी बोलत. दुपारी कीर्तन ऐकून झालं, की त्या टीव्हीवरच्या इथल्या मालिका बघत आणि त्यातली वाक्यं जशीच्या तशी उचलत. भाजीवालीशी घासाघीस करतानाही "या विश्वासघाताची किंमत तुला मोजावी लागेल" असं म्हणत, आणि भाजीवाली चार मिरच्या जास्त टाकी.

तालमींनीच घात केला. एवढा वेळ उभं राहायची सवय नसलेल्या सासूबाईंच्या पोटरीत एका सकाळी असा गोळा आला, की त्या "आई गं" म्हणून सोफ्यावर कोसळल्या. डॉक्टरीणबाई सगळं सोडून धावल्या. सासूबाईंचा एप्रन काढला, पाठीशी उशी दिली, तेलाची वाटी कोमट करून आणली आणि खाली बसून पाय मांडीवर घेऊन चोळायला लागल्या.

"जरा वर," सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या. "हां. आता टाचेला. अगं, नीट जोर लाव, जेवली नाहीस का?"

"हो आई."

"आणि हे झालं की तेवढी भांडी आवर."

"हो आई."

घंटा वाजली नाही, कारण फ्रिज बंद होता. दार उघडंच होतं, कारण त्याची कडी इंजिनियरने तेल द्यायला काढली होती. आणि दारात हातात पाकीट घेऊन निरीक्षकबाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे.

"घंटा दाबत होते," त्या म्हणाल्या. त्यांची नजर वाटीवरून पायांवर, पायांवरून डॉक्टरीणबाईंच्या तेलकट हातांवर गेली. "या घरात कामाला कोण आहे?"

"त्या," डॉक्टरीणबाईंनी मांडीवरच्या पायांकडे बोट दाखवलं.

"असं," निरीक्षकबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी उठायचा प्रयत्न केला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना पाणी दे बाळ," आणि डॉक्टरीणबाई सवयीने आत पळाल्या. फ्रिज उघडला. घंटा वाजली. न्हाणीघरातून इंजिनियर हातात केरसुणी घेऊन धावत आला, ती आईच्या हातात कोंबली, बायकोला शोधून खांदे दाबून सोफ्यावर बसवायला गेला, ती सापडेना म्हणून गोंधळला आणि त्या भरात निरीक्षकबाईंनाच खांदे धरून बसवून टाकलं.

"बसा," मग तो म्हणाला.

निरीक्षकबाईंनी पेन काढलं. पहिली पाळी सासूबाईंची.

"बाई, तुम्हाला या घरात विश्रांती मिळते का?"

सासूबाईंनी मालिकेतला एक प्रसंग आठवला आणि मान ताठ केली. "या घरात माझ्या परवानगीशिवाय पानसुद्धा हलत नाही!"

"तुमच्यावर कोणी दबाव आणतं का?"

"माझ्यावर?" सासूबाई मालिकेतल्या थोरल्या मालकिणीसारख्या हसल्या. "माझ्या वाटेला जाणारा अजून जन्माला यायचाय!"

मग निरीक्षकबाई डॉक्टरीणबाईंना घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दार लोटलं. आवाज एकदम मऊ केला.

"घाबरू नका. इथं तुम्ही मोकळेपणानं बोलू शकता. तुमचा पासपोर्ट कुठं असतो?"

"आईंच्या कपाटात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचेच. किल्ली त्यांच्या कमरेला असते."

निरीक्षकबाईंचं पेन थबकलं. "पगार?"

"आईंच्या हातात देते. पहिल्यापासून. त्या मला लागेल तेवढा देतात."

"आणि बाहेर जायचं असेल तर?"

"विचारून जाते."

"नाही म्हणाल्या तर?"

"नाही जात." डॉक्टरीणबाईंना प्रश्नच कळेना. "उगाच नाही म्हणत नाहीत त्या. एकदा ताप होता म्हणून नाही म्हणाल्या होत्या."

"दिवसभर दवाखान्यात काम करून घरी येऊन त्यांचे पाय चोळता?"

"रोज नाही हो. कधी कधी तर त्याच माझं डोकं..." इथं डॉक्टरीणबाईंना निरीक्षकबाईंच्या डोळ्यांत पाणी दिसलं. निरीक्षकबाईंनी त्यांचा तेलकट हात हातात घेतला.

"एक शब्द सांगा फक्त. आत्ता, या क्षणी, तुम्हाला इथून सोडवून नेते."

डॉक्टरीणबाईंनी हात सोडवून घेतला. "नको!" त्या ओरडल्या. "मला नको! त्यांना नेऊ नका! माझं दुसरं कोणी नाही हो!" आणि त्या खरोखरच रडायला लागल्या. निरीक्षकबाईंनी हळहळून मान हलवली. अशा बायकांना असंच वाटतं, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलेलं असावं.

शेवटी इंजिनियर.

"तुम्ही काय करता?"

"मला काम करायला मनाई आहे."

"कोणी केली मनाई?"

"तुम्ही."

निरीक्षकबाईंनी ते लिहिलं, मग खोडलं. "या घरात तुम्ही खूश आहात?"

"मी जाणार आहे ना. ठरलंय तसं."

"तुम्हाला घालवायचं कोणी ठरवलं?"

"आम्ही दोघांनी. आई फक्त म्हणाली, हळू आवाजात ठरवा."

निरीक्षकबाई उठल्या. एका पायरीला ठेच लागली, कारण ती पायरी नव्हती, वॉशिंग मशीनचं झाकण होतं. सासूबाईंना माणूस उपाशी चाललेलं बघवत नाही. त्यांनी मागून मालिकेतलं मिळालं ते वाक्य फेकलं.

"पुन्हा या घराची पायरी चढलात, तर याद राखा," त्या गरजल्या, "जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही!"

कचेरीतून बोलावणं आलं. सहकुटुंब हजर व्हावं. सासूबाई चांगलं लुगडं नेसल्या, त्यांनी पिशवीत पाण्याची बाटली घेतली, मोबाइलवर एक कीर्तन भरून घेतलं आणि कचेरीच्या बाकावर जाऊन ऐकत बसल्या. त्यांच्यापासून जरा दूर दोघं उभे होते. डॉक्टरीणबाईंचे डोळे सुजले होते.

"माझ्यामुळं झालं सगळं. मी खोटं बोलायला जायलाच नको होतं."

"खोटं कुठं बोललीस?" इंजिनियर म्हणाला. "सगळं खरं बोललीस, म्हणून तर घोटाळा झाला."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "तू त्यांना धरून बसवलंस."

"तू नव्हतीस जागेवर. मी काय करणार? तालमीत खांदे ठरले होते."

"आणि त्या बसल्या!"

"बसल्या! मुकाट बसल्या!"

आणि त्या गंभीर कचेरीत, जिथं माणसं आपापली नशिबं फायलीत घालून उभी होती, तिथं ही दोघं भिंतीकडे तोंड करून, पोट धरून, आवाज न करता हसायला लागली. डॉक्टरीणबाईंना आठवेना, आपण याच्याबरोबर शेवटचं कधी हसलो होतो. घंटेच्या आधी, एवढं नक्की.

त्यांची पाळी आली. गोलमटोल कारकुनाने निरीक्षकबाईंचा अहवाल समोर धरला. चेहऱ्यावर कौतुक होतं.

"मदतनिसाचा अर्ज नामंजूर," तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी खिडकीचा गज धरला. इंजिनियरने त्यांचं कोपर धरलं.

"पुढं ऐका तर. निरीक्षकबाईंना आधी वाटलं, हा पिळवणुकीचा मामला. मग म्हणे त्यांनी शेजारीपाजारी विचारलं, भाजीवालीलाही विचारलं. सगळ्यांचं म्हणणं एकच. किल्ल्या कोणाकडे? थोरल्या बाईंकडे. पगार कोणाच्या हातात? थोरल्या बाईंच्या. कोण कुठं जाणार, कोण जेवणार, कोणी हळू भांडायचं, ठरवतं कोण? थोरल्या बाई. मग बाई, चूक आमच्या नोंदीत होती! आम्ही त्यांना उगाच साखळीच्या तळाला लावलं होतं." त्याने डबीतून भलीमोठी पीन काढली, मायेने पुसली आणि वर धरली. "या कुटुंबप्रमुख." मग दोन लहान पिना तिच्यात शेजारी शेजारी अडकवल्या. "ही सून. हा मुलगा. दोघं थेट त्यांच्यावर. आता बघा गंमत." त्याने एक पीन काढली. दुसरी जागची हलली नाही. "कोणीही कोणालाही सोडा. कोणी पडत नाही!"

"म्हणजे आई राहणार?" डॉक्टरीणबाई पुटपुटल्या.

"त्या तुमच्याकडे नाही, तुम्ही त्यांच्याकडे राहणार."

"आणि मी?" इंजिनियरने विचारलं.

"तुम्हीही. शिवाय तुम्ही आता डॉक्टरबाईंचे यजमान म्हणून नाही, प्रमुखांचे चिरंजीव म्हणून इथं आहात. चिरंजीवांना काम करायला मनाई नाही. करा की काय पूलबील बांधायचे ते."

इंजिनियरने स्वतःच्या हातांकडे असं पाहिलं, जसं कोणी हरवलेली वस्तू परत आणून दिली. डॉक्टरीणबाईंनी हात जोडले, कोणाला ते त्यांनाही कळलं नाही. बहुधा छताच्या वर जो आहे त्याला. सगळं जुळलं होतं. बुवा अभंगावर परत आले होते.

"आणि घटस्फोट?" कारकुनाने हौसेने विचारलं. "तोही आजच उरकून टाकू. कागद तयार आहे. फक्त कुटुंबातल्या कोणाची वैवाहिक स्थिती बदलायची, तर प्रमुखांनी माझ्यासमोर स्वतः वाचून सही करायची. एवढाच नियम."

दोघं वळले. बाकावर सासूबाईंनी कानातली बोंडकी काढली. त्यांना हाक मारली, त्या आल्या, त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"अक्षर फार बारीक." त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, डोळ्यांना लावला आणि पुन्हा काढला. "अरे, याची दांडी हलतेय बघ. जरा घट्ट करून दे रे. मग वाचते निवांत."

इंजिनियरच्या खिशात पेचकस असतोच. तो आनंदात होता. त्याच्या हातांची मनाई उठली होती. "दोन मिनिटांत बसवतो," तो म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांदेखत कारकुनाच्या खिडकीवर एक काच, मग दुसरी काच, मग एक दांडी, मग नाकावरचे दोन मऊ पापुद्रे, असा सगळा चष्मा सुटा होऊन मांडला गेला.

मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले. कारकुनाने पुढच्याला हाक मारली.

"एक स्क्रू कुठं गेला?" इंजिनियर खिडकीची कड चाचपत म्हणाला. "आत्ता होता इथं. बारीकसा. पडला वाटतं खाली."

डॉक्टरीणबाईंची नजर आयुष्यभर माणसांच्या दाढांतली बारीक बारीक भोकं शोधण्यात मुरलेली. कचेरीच्या करड्या फरशीवर तो मोहरीएवढा स्क्रू चकाकताना त्यांना ताबडतोब दिसला. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्यावर चप्पल ठेवली.

"सापडला का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"सापडेल, आई," डॉक्टरीणबाई पाय जराही न हलवता म्हणाल्या. "घाई कसली?"